हुद्द्यांची फ्रेम: ब्रिगेडियर चोख, फील्ड मार्शल फसलेला

छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या बाजूला वर्दीचं सामान विकणाऱ्या दुकानांत भिंतीवर लावायची एक फ्रेम मिळते. भूदल, नौदल, हवाईदल असे तीन रकाने आणि त्यांत अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांची धातूची चिन्हं वरपासून खालपर्यंत लावलेली. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अ‍ॅकॅडम्या, एनसीसीची खोली असलेली कॉलेजं आणि माजी सैनिकांची बैठकीची खोली, असं तिचं गिऱ्हाईक. दुकानाचं नाव इथं देत नाही, कारण हेच साचे शेजारच्या दुकानांतही दिसतात आणि दोष साच्याचा आहे.

माप २४ बाय १८ इंच. चौकट एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, वरून सागवानी रंगाचा लॅमिनेट. आत मरून मखमल, पुढे तीन मिलिमीटरची काच. दोन प्रकार मिळतात: जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव बॅज सोनेरी मुलाम्यासह ३,८०० रुपयांना, आणि पितळी बॅजची फ्रेम ६,५०० रुपयांना. प्रत्येक चिन्हाखाली मराठी नावाची पट्टी आहे. संस्थेचं नाव वरच्या कडेला फुकट छापून मिळतं. त्या फुकटात एक गोम आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

आधी निकाल सांगून टाकू. लेफ्टनंट ते लेफ्टनंट जनरल हा भाग उत्तम आहे, डोळे झाकून घ्यावा. जनरलच्या वर जे काही आहे ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय भिंतीवर लावू नये. याचं कारणही उघड आहे. कॅप्टनचे तारे, कर्नलची सिंहमुद्रा या वस्तू खरे अधिकारी विकत घेतात. तारा अर्धा सूत वाकडा असला तरी माल परत येतो, म्हणून साचा आपोआप सुधारत जातो. फील्ड मार्शलचा बॅज घ्यायला दुकानात कधी कुणी आलेलं नाही. येणार तरी कोण? भारतात हा हुद्दा आजवर दोघांनाच मिळाला. दुकानदाराचं उत्तरही तेच: "सर, ते तपासायला कोण येऊ लागलंय इथं? कारागिरानं दिलं ते लावायलो."

चूक कळण्यासाठी या चिन्हांचं व्याकरण ठाऊक हवं. भूदलाच्या खांद्यावर मोजून चार गोष्टी येतात: अशोकाची सिंहमुद्रा, पंचकोनी तारा, एकमेकांना छेद देणारी बॅटन (मानाचा आखूड दांडा) आणि तलवार, आणि सर्वांत वरच्या हुद्द्यापुरतं कमळाचं कडं. बाकी सगळा खेळ यांच्या मांडणीचा. दोन तारे लेफ्टनंटचे, तीन कॅप्टनचे. नुसती सिंहमुद्रा म्हणजे मेजर. तिच्याखाली एक तारा आला की लेफ्टनंट कर्नल, दोन आले की कर्नल, तीन तारे त्रिकोणात आले की ब्रिगेडियर. इथून पुढे बॅटन-तलवार सुरू होते. तिच्यावर तारा असेल तर मेजर जनरल, सिंहमुद्रा असेल तर लेफ्टनंट जनरल, सिंहमुद्रा आणि तारा दोन्ही असतील तर जनरल. आणि फील्ड मार्शल? सिंहमुद्रा, खाली बॅटन-तलवार आणि तिच्याभोवती कमळाच्या फुलांचं कडं. तारा नाही.

हे शेवटचं वाक्य दुकानदाराला तीनदा सांगावं लागतं. फील्ड मार्शल पंचतारांकित, मग खांद्यावर पाच तारे हवेतच, असा समज पक्का बसलेला आहे. ते पाच तारे असतात कॉलरवरच्या लाल पट्टीवर आणि गाडीच्या पाटीवर. ब्रिगेडियरला एक, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन, जनरलला चार, फील्ड मार्शलला पाच. खांद्यावर पाच तारे पंचकोनात मांडायची रीत अमेरिकेची आहे. तिथल्या 'जनरल ऑफ द आर्मी' या पंचतारांकित हुद्द्याचं चिन्ह १९४४ पासून तसंच आहे. गूगलवर 'फाइव्ह स्टार जनरल' शोधलं की तेच चित्र वर येतं, आणि कारागिरापर्यंत तेच पोहोचतं.

या फ्रेममध्ये फील्ड मार्शलचे दोन नमुने येतात. कुठला पदरात पडेल ते नशीब. पहिल्यात दोन बॅटन एकमेकांवर तिरप्या, भोवती पानांचं कडं आणि वर सिंहमुद्रा चिकटवलेली. हा साचा ब्रिटिश फील्ड मार्शलचा आहे. तिकडे दोन बॅटन, पानांचं कडं आणि वर राजमुकुट असतो. मुकुट कापून सिंह बसवला की झाला भारतीय, असा हिशोब. नखानं चाचपलं तर सिंहाच्या बैठकीखाली कापल्याची खरखर लागते. आपल्या चिन्हात एक बॅटन आणि एक तलवार आहे. दोन्ही दांडके सारखेच गोल दिसले आणि कुठेच मूठ दिसली नाही, तर बॅज परत करा.

दुसरा नमुना जास्त फसवा. त्यात सिंहमुद्रा बरोबर, बॅटन-तलवार बरोबर, फक्त कडं नाही. त्याऐवजी खाली पाच बारीक तारे. आता वरचं व्याकरण लावून पाहा. सिंहमुद्रा आणि बॅटन-तलवार म्हणजे लेफ्टनंट जनरल. कमळ गाळलं की माणूस एका झटक्यात दोन हुद्दे खाली उतरतो, आणि खालच्या ताऱ्यांनी तो कुठल्याच सैन्यातला राहत नाही. ६,५०० रुपये मोजून भिंतीवर सर्वांत वर लेफ्टनंट जनरल लावायचा आणि खाली पट्टी फील्ड मार्शलची. पाहुण्यांत एखादा निवृत्त सुभेदार निघाला तर चहा गार होईपर्यंत हाच विषय.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त आधी सांगावी लागते. दुकानातच लेफ्टनंट जनरलचा बॅज सुटा मिळतो. कमळाचं कडं वेगळं कापून त्याच्यामागे बसवून देतात. पितळी पत्र्यातलं कडं ६०० रुपयांत होतं आणि चार दिवस लागतात. कारागिराला मापाचा आकडा सांगत बसू नका, प्रमाण सांगा: कडं बॅटन-तलवारीला कवेत घेईल एवढं मोठं हवं आणि सिंहमुद्रा त्याच्या वर हवी. सिंहही कड्यात कोंबला तर तो बॅज न राहता लग्नाच्या पत्रिकेवरचा गणपती दिसतो. नमुना म्हणून २००८ साली निघालेलं फील्ड मार्शल माणेकशॉ यांचं टपाल तिकीट बरेच जण सुचवतात. वर्दी त्यात आहे, पण तिकिटाचा जीव केवढा, त्यातला खांदा केवढा. वर्दीतलं मोठं छायाचित्र छापून नेणं बरं.

सिंहमुद्रेकडे वळू, कारण ती जवळजवळ प्रत्येक ओळीत आहे. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून खालची पट्टी बघा. मधोमध चक्र, आपल्या उजव्या हाताला बैल, डाव्या हाताला धावता घोडा. या फ्रेमच्या पितळी प्रकारात हे स्वच्छ उठलेलं आहे, आणि त्यासाठी कारागिराला शाबासकी दिली पाहिजे. एवढ्याशा जागेत घोड्याचा उचललेला पाय दिसणं सोपं नाही. मुलामावाल्या स्वस्त प्रकारात मात्र बैल आणि घोडा दोन्ही दोन ठिपके होऊन बसतात. काही बॅजांत ते उलटसुलटही निघतात. डाव्या-उजव्या खांद्याची जोडी काढताना चित्र आरशातल्यासारखं फिरवलं, की तलवारीबरोबर बैलही फिरतो. फ्रेमला जोडी लागत नाही, एकच बॅज लागतो. तेव्हा उरलेल्या मालातला फिरवलेला नग आपल्या माथी येत नाही ना, एवढं बघून घ्यावं.

नावाच्या पट्ट्यांवरचा मजकूर हा वेगळाच प्रकार आहे. फील्ड मार्शलच्या खाली छापलंय: 'पहिले फील्ड मार्शल करिअप्पा'. ही चूक स्पर्धा परीक्षेच्या क्लासांतूनच फ्रेमवर आली असणार, कारण भरतीची तयारी करणारी निम्मी पोरं हेच उत्तर देतात. करिअप्पा हे भूदलाचे पहिले भारतीय सरसेनापती. १५ जानेवारी १९४९ ला त्यांनी सूत्रं घेतली आणि म्हणूनच त्या दिवशी सेनादिन असतो. फील्ड मार्शल आधी झाले सॅम माणेकशॉ, १ जानेवारी १९७३ ला, सेनाप्रमुखपद सोडायला दोन आठवडे उरले असताना. करिअप्पांना हा मान १९८६ मध्ये मिळाला, म्हणजे सेवानिवृत्तीनंतर तेहतीस वर्षांनी. हुद्दा मानाचा आहे आणि तहहयात आहे. फील्ड मार्शल निवृत्त होत नाही, मरेपर्यंत सेवेच्या यादीतच राहतो. त्यामुळे पट्टीवर 'निवृत्त फील्ड मार्शल' असं छापलेलं दिसलं तर तेही खोडायला लावा. 'फिल्ड' हा ऱ्हस्व तर सगळीकडेच आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पट्टी बदलायचे चाळीस रुपये घेतात.

फील्ड मार्शल आणि जनरल यांच्यामध्ये या फ्रेमनं आणखी एक खण घुसवला आहे: 'सीडीएस'. तो तिथं नको. चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद आहे. जनरल बिपिन रावत १ जानेवारी २०२० ला पहिले सीडीएस झाले तेव्हाही त्यांचे तारे चारच होते, तिन्ही सेनाप्रमुखांइतकेच. त्यांची खांद्यावरची मुद्रा वेगळी, तिन्ही दलांची मिळून असलेली. ती दाखवायचीच असेल तर जनरलच्या शेजारी, त्याच उंचीवर. राष्ट्रपती तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती आहेत म्हणून त्यांचाही खण हवा, असं सुचवणारे गिऱ्हाईक भेटतात म्हणे. त्यांना हात जोडावेत.

नौदलाचा रकाना सरळ जुना आहे. २०२३ च्या नौदलदिनी सिंधुदुर्गावर नव्या स्कंधचिन्हांची घोषणा झाली आणि २९ डिसेंबरला ती प्रत्यक्ष समोर आली. रिअर अ‍ॅडमिरल, व्हाइस अ‍ॅडमिरल आणि अ‍ॅडमिरल यांच्या खांद्यावर आता शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. वर नौदलाचं सोनेरी बटण, सोबत तलवार आणि दुर्बीण, आणि हुद्द्याप्रमाणे दोन, तीन, चार तारे. महाराष्ट्रातल्या भिंतीवर लावायच्या फ्रेममध्ये नेमकं हेच नसावं, याला काय म्हणावं. दुकानदार म्हणतो जुना माल संपला की बदलू. तोवर थांबणं किंवा नौदलाचे वरचे तीन खण कोरे मागून घेणं, हे दोनच मार्ग. नवे सुटे बॅज आले की नंतर बसवता येतात, कारण मागची फळी चार स्क्रूंवर आहे आणि सहज निघते. हा या फ्रेमचा मोठा गुण.

त्याच रकान्यात सर्वांत वर पाच ताऱ्यांचा 'अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट' लावलाय. भारतात हा हुद्दा आजवर कुणालाही दिलेला नाही. रकान्यांची उंची सारखी दिसावी म्हणून कारागिरानं आपल्या मनानं तो घडवला आहे. काढून टाका. तिथली मोकळी मखमल आपोआप प्रश्न विचारायला लावते आणि एनसीसीच्या शिक्षकाला पाच मिनिटांचा विषय मिळतो.

हवाईदलाचा रकाना धातूचा नाही, बाहीवरच्या पट्ट्यांचा आहे. गडद निळ्या कापडावर फिकट निळी फीत. इथं मोजायची युक्ती साधी आहे: रुंद आणि बारीक मिळून जेवढ्या पट्ट्या, तेवढे कॉलरचे तारे. एअर कमोडोरची एकच रुंद पट्टी. मग एकेक बारीक वाढत जाते. एअर चीफ मार्शलला रुंद एक आणि बारीक तीन. मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्सला रुंद एक, बारीक चार. हा मान एकट्या अर्जन सिंग यांचा, २६ जानेवारी २००२ चा. फ्रेममध्ये त्यांच्या खणात रुंद एक आणि बारीक तीनच आहेत. 'चार पट्ट्या' ऐकून रुंद धरून चार मोजल्या असणार. एक बारीक फीत वाढवायला शिंप्याला दहा मिनिटं पुरतात, पण खालच्या पट्टीपासून अंतर सारखं राहण्यासाठी आधीच्या तिन्ही बारीक फिती उसवून पुन्हा लावायला सांगा, नाहीतर पाचवी वर लटकल्यासारखी दिसते. फितीची टोकं मागे दुमडून शिवलेली असावीत. या फ्रेममध्ये ती कात्रीनं कापून तशीच सोडली आहेत आणि वर्षभरात दोरे सुटतात.

आता डिंकाबद्दल, कारण दुकानातून नेलेली चांगली फ्रेम घरी गेल्यावर बिघडते ती यामुळेच. बॅज मखमलीवर ग्लू गननं चिकटवलेले आहेत. गरम होऊन वितळणारा आणि गार होऊन घट्ट होणारा हा डिंक पुन्हा गरम झाला की पुन्हा मऊ पडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या वर्गखोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर, काचेमागे कोंडलेल्या हवेत तो आणखी चढतो. त्यात डिंक फळीला धरत नाही, मखमलीच्या लवेला धरतो. लव सुटली की बॅज हळूहळू खाली सरकतो आणि मधल्याच खणात जाऊन अडकतो.

साधा बिल्ला पडला असता तर एवढं बिघडलं नसतं. इथं प्रत्येक तुकडा म्हणजे हुद्दा आहे. जनरलच्या खणातला तारा गळला, की उरतो लेफ्टनंट जनरल. सिंहमुद्रा गळली, की मेजर जनरल. ब्रिगेडियरच्या त्रिकोणातला एक तारा पडला की कर्नल. तोच तारा घरंगळून खालच्या लेफ्टनंट कर्नलजवळ थांबला, तर त्याचीही बढती होते. चौकटीत कोर्ट मार्शल आणि पदोन्नती दोन्ही एकाच उन्हाळ्यात. सुभेदार मेजरच्या खणात तर याहून नाजूक प्रकरण आहे: सिंहमुद्रेखालची आडवी रंगीत फीत सुटून पडली तर तो सरळ मेजर दिसतो, आणि सुभेदाराचे दोन तारे लेफ्टनंटचे होतात. कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या त्या फिती म्हणूनच डिंकानं न चिकटवता दोऱ्यानं टाचून घ्याव्यात.

दुरुस्ती घरच्या घरी होते. मागचे चार स्क्रू काढून फळी बाहेर घ्या आणि आडवी ठेवा. उभी धरली तर सैल बॅज तेवढ्यात जागा सोडतात. मांडणीचा मोबाइलवर आधी फोटो काढा, मगच हात लावा. प्रत्येक बॅजाखाली मखमलीला ब्लेडनं बारीक फुली मारा, तिथली लव खरवडून फळी उघडी करा. बॅजाच्या मागचा जुना डिंक थंड असताना नखानं उपटून निघतो. हेअर ड्रायर लावू नका, मुलामा असलेल्या बॅजाला डाग पडतो. मग दोन नळ्यांचा अ‍ॅराल्डाइट समान घ्या, मुगाच्या दाण्याएवढा एका बॅजाला पुरे. जास्त घेतला तर कडेनं बाहेर येतो आणि मखमलीवर काळा कडक डाग कायमचा राहतो. चोवीस तास फळी आडवीच ठेवायची. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार टाळा, कारण अठरा-वीस बॅज सरळ रेषेत बसवायला पाच मिनिटं पुरत नाहीत.

पितळी प्रकारात याहून चांगला उपाय आहे. त्या बॅजांच्या मागे खिळी असते, ती कारागीर कापून टाकतो. न कापता द्यायला सांगा आणि फळीला छिद्र पाडून मागून चकती-नट आवळून घ्या. दर बॅजामागे दहा रुपये जास्त, पण मग उन्हाळा असो की भूकंप, जनरल जनरलच राहतो.

पितळ घ्यावं की मुलामा, असा प्रश्न येतोच. खोली बंद आणि कोरडी असेल, साफसफाईला माणूस नसेल, तर मुलामा. तो काळा पडत नाही, पण एकदा उडाला की खालचं राखाडी जस्त दिसतं आणि त्यावर इलाज नाही. पितळ वर्षभरात मंद पडतं आणि घासलं की पुन्हा उजळतं. घोटाळा होतो तो दोन्हींना एकच औषध लावल्यानं. पितळेला ब्रासो चालतो, पितांबरी चालते, देवघरातली चिंच-मीठही चालतं, फक्त ते मखमलीपासून लांब, बॅज काढून. मुलाम्याला यातलं काहीही लावलं तर पहिल्याच हाताला सोनेरी रंग फडक्यावर येतो. त्याला कोरडं मऊ फडकं, बस्स. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्यांच्या खांद्यावरची चिन्हं एकसारखी सोनेरी केली आहेत, त्याआधी रायफल रेजिमेंटवाले काळी लावत. त्यामुळे वरच्या खणांत झगझगीत सोनेरी बरोबरच आहे. ते मुद्दाम काळपट करून 'जुना लूक' देणारा पर्याय घेऊ नये.

तळाच्या खणात एका ताऱ्याचा सेकंड लेफ्टनंट आहे. हा हुद्दा आता वापरात नाही, नवा अधिकारी थेट दोन ताऱ्यांचा लेफ्टनंट होतो. ठेवायचा तर पट्टीवर 'पूर्वीचा' असं लिहून ठेवा.

याच दुकानातून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या नाटकांसाठी सुटे बॅजही नेले जातात, म्हणून दोन शब्द. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात १९४८ चा लष्करी अधिकारी दाखवायचा आणि त्याच्या खांद्यावर सिंहमुद्रा लावायची, ही चूक सर्रास होते. सिंहमुद्रा राष्ट्रचिन्ह झाली २६ जानेवारी १९५० ला. पोलीस कारवाईच्या वेळी आपल्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावर अजून मुकुटच होता. यातून सुटका करणारी एक भूमिका आहे, आणि ती मुख्यच आहे: हैदराबादची शरणागती स्वीकारणारे जे. एन. चौधरी तेव्हा मेजर जनरल होते, आणि त्या हुद्द्याला तारा आणि बॅटन-तलवार एवढंच लागतं. ना मुकुट, ना सिंह. ताऱ्याची घडण तेव्हा वेगळी होती, पण रंगमंचावरून ते कळत नाही. दोन बॅज घ्या, १८० रुपयांत काम होतं. लावताना बॅटन-तलवार खांद्याच्या टोकाकडे आणि तारा मानेकडे. उलटं लावलं की समोरच्या रांगेतले माजी सैनिक लगेच ओळखतात. नाटक संपलं की बॅज काढून ठेवावेत. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी वर्दी किंवा चिन्ह वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, आणि पोरं तसाच वेश चढवून मोटारसायकलवर गावभर फिरून येतात.

वर फुकटच्या छपाईबद्दल म्हटलं होतं ते हे. संस्थेच्या नावाशेजारी दुकानदार हौसेनं मोठा अशोकस्तंभ छापून देतो. खासगी अ‍ॅकॅडमीनं तो घेऊ नये. २००५ च्या कायद्यानुसार सरकारशी संबंध असल्याचा भास होईल अशा रीतीनं राष्ट्रचिन्ह वापरायला मनाई आहे, आणि 'अमुक करिअर अ‍ॅकॅडमी'च्या डोक्यावर सिंह बसले की तोच भास होतो. शिवाय या छपाईत खालचं 'सत्यमेव जयते' गाळलेलं आहे, म्हणजे चिन्हही अपुरं. नुसतं नाव छापून घ्या.

फ्रेमसोबत ९०० रुपयांना 'फील्ड मार्शलची बॅटन' म्हणून एक दांडा विकतात. घेऊ नका. ती साधी अधिकाऱ्याची छडी आहे, दोन टोकांना सोनेरी टेप गुंडाळलेली. फील्ड मार्शलला मिळते ती सोनेरी टोकांची बॅटन समारंभात हातात धरायची असते. छडी आणि बॅटन यांत तेवढाच फरक आहे, जेवढा पोलिसाची काठी आणि वेत्रधाऱ्याचा दंड यांत.

कॉलरच्या लाल पट्ट्यांचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण त्या मात्र सुरेख आहेत. जाड फेल्ट, कडा न उसवणारी, तारे भरतकामाचे आणि एका रेषेत. फील्ड मार्शलच्या पट्टीवरचे पाच तारे कारागिरानं नीट अंतर राखून बसवले आहेत. सबंध वरच्या ओळीत बरोबर असलेली वस्तू कुठली, तर हीच.

ऑर्डर देताना तोंडी सांगण्यात हशील नाही. चिठ्ठीवर लिहून द्या आणि सही घ्या: फील्ड मार्शल, सिंहमुद्रा, बॅटन एक, तलवार एक, कमळाचं कडं, खांद्यावर तारा नाही, सीडीएसचा खण नको, अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट नको, हवाईदलाच्या वरच्या खणात बारीक फिती चार, खिळ्या कापायच्या नाहीत. काम आठ ते दहा दिवसांचं, पण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जानेवारीत दुप्पट धरा. पितळी फ्रेम काचेसकट चार किलोच्या वर जाते, तेव्हा एका खिळ्यावर टांगू नका. दोन रावळप्लग, दोन स्क्रू आणि मागे रबराच्या दोन गुंड्या, म्हणजे भिंतीची ओल आणि वाळवी एमडीएफला लागत नाही. बीड, परभणी, लातूरकडे ट्रॅव्हल्सनं पाठवतात. काच पुठ्ठ्यात नीट बांधलेली असते, ती फुटत नाही. आतला माल सुटतो. पार्सल ताब्यात घेण्याआधी कानाजवळ धरून हलकं तिरपं करा. काही खुळखुळलं तर सही करायच्या आधी तिथंच उघडा आणि आधी जनरलचा तारा जागेवर आहे का ते बघा.